घरातली चांदी न घासता, तेजाब न लावता कशी उजळावी?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

महालक्ष्म्या तोंडावर आल्या की आमच्या नांदेडच्या घरी माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली उतरतो. देवाची आणि महालक्ष्म्यांची चांदी त्यात असते. पाच टाक, निरांजनांची जोडी, पळी-पंचपात्र, अत्तरदाणी, गुलाबदाणी, एक मोठं तबक, महालक्ष्म्यांचे दोन कमरपट्टे आणि लेकरांचे वाळे. वर्षभर झाकण बंद असूनही सगळं काळंनिळं होऊन निघतं. मग रांगोळी आणि चिंच घेऊन घरातल्या बायका ते लख्ख होईस्तोवर घासतात.

हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. त्याचा परिणाम काय झालाय ते टाक हातात घेऊन नीट पाहा. आमच्याकडचा एक टाक तुळजाभवानीचा आहे हे आता फक्त आठ हातांच्या उंचवट्यांवरून कळतं. नाक नाही, डोळे नाहीत, मळवट कुठे होता तेही दिसत नाही. खंडोबाच्या टाकावर घोड्याचे पाय अंगठ्याला लागतात, तोंड मात्र पार सपाट झालंय. हे टाक कधी पडले नाहीत, चेपले नाहीत, नुसत्या घासण्याने झिजले. म्हणून माझं ठाम मत झालंय की चांदी ही घासायची वस्तूच नाही. तिच्यावरचं काढावं, तिला स्वतःला ओरखडू नये.

बाजारातलं बुडवायचं द्रावण मला नको आहे. त्याचा वास डोक्यात जातो आणि बाटलीवर हातमोजे घालायची सूचना असते. आपण याच टाकांवर पंचामृत घालतो आणि तेच तीर्थ लेकरांच्या तळहातावर देतो.

सध्या मी रिठ्यावर भागवते. रिठे फोडून बिया काढायच्या, टरफलं रात्रभर भिजत घालायची, सकाळी पाणी कोमट करून कुस्करायची आणि गाळून घ्यायची. त्या पाण्यात चांदी थोडा वेळ ठेवून लहान बाळाच्या मऊ ब्रशने खाचाखोचांतून फिरवायचं. तेलकटपणा, काजळी, कुंकू, अष्टगंध सगळं निघतं. पण काळा थर जिथल्या तिथे राहतो. तो कशाने काढता? आणि बोअरच्या पाण्याने धुतल्यावर चांदीवर पांढरे ठिपके उमटतात, त्याला काय करता? सविस्तर लिहा.

योगेश्वरीची_माहेरवाशीण

गोदाकाठ ताई, धागा अगदी वेळेवर काढलात. रिठ्याला माझं शंभर टक्के अनुमोदन. अंबाजोगाईला माहेरी दागिने आणि देव दोन्ही रिठ्यानेच धुतले जायचे, शिकेकाई फक्त केसांना.

पण रांगोळीला एकदम वाळीत टाकू नका. माझ्या आईने जन्मभर चुलीतली राख चाळून आणि रांगोळी घालून भांडी उजळली. ती भांडी आजही माझ्या भावाकडे आहेत. हात हलका हवा, एवढंच.

अजून एक सांगते. रोजच्या वापरातली चांदी काळी पडतच नाही. देवघरातलं निरांजन रोज लागतं, रोज पुसलं जातं, ते पांढरंच असतं. काळं पडतं ते डब्यात कोंडलेलं. तेव्हा शक्य असेल तेवढं बाहेर काढा आणि वापरा.

रसायन_गुरुजी

परभणीला शाळेत रसायनशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त आहे. काकूंच्या शेवटच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत. रांगोळीच्या मुद्द्याशी नाही, आणि का नाही ते सांगतो.

चांदीवरचा काळा थर हा बाहेरून येऊन बसलेला मळ नसतो. हवेत हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू अगदी अल्प प्रमाणात असतो. गटारातून, कुजणाऱ्या पाल्यातून, अंड्यातून, रबरातून, लोकरीतून गंधकाची संयुगं सुटतात. त्यांचा चांदीच्या पृष्ठभागाशी संयोग होऊन सिल्व्हर सल्फाइड तयार होतं. दमट हवेत ते लवकर होतं. थर पातळ असताना पिवळसर दिसतो, जाड होत गेला की तपकिरी, मग जांभळट निळा आणि शेवटी काळा. म्हणजे त्या काळ्या थरात तुमची चांदीच आहे. तो घासून काढला की चांदीच मोरीत वाहून जाते.

आता रांगोळी. काठिण्याच्या मोह श्रेणीत चांदी २.५ ते ३ वर आहे. रांगोळी ज्या डोलोमाइट दगडाची करतात तो ३.५ ते ४. राखेत आणि विटकरीच्या भुकटीत वाळूचे कण असतात, ते ७ पर्यंत जातात. हात कितीही हलका ठेवला तरी कठीण कण मऊ धातूवर ओरखडा काढणारच, आणि आधी झिजतो तो उंच भाग. देवीचं नाक, घोड्याचं तोंड. टूथपेस्ट आणि दंतमंजन याच जातीचे, फक्त कण बारीक.

चिंच, लिंबू, ताक ही तांब्या-पितळेची औषधं. तिथला काळेपणा मुख्यतः ऑक्साइडचा असतो, तो आम्लात विरघळतो. सिल्व्हर सल्फाइडवर चिंचेचा काही इलाज चालत नाही. चिंच-रांगोळीने चांदी उजळली असं वाटतं तेव्हा काम रांगोळीने केलेलं असतं. उलट ९२५ शिक्क्याच्या चांदीत हजारातले ७५ भाग इतर धातू, बहुधा तांबं असतं. आम्ल त्या तांब्याला लागतं. लिंबाबरोबर मीठ तर मुळीच नको, मिठातला क्लोराइड चांदीला बारीक खड्डे पाडतो.

मग करायचं काय? ॲल्युमिनियमला ते काम सांगायचं. ॲल्युमिनियमला गंधकाची ओढ चांदीपेक्षा जास्त आहे. प्लॅस्टिकच्या टबात किंवा स्टीलच्या पातेल्यात पोळ्या गुंडाळायचा ॲल्युमिनियमचा कागद चकाकती बाजू वर करून अंथरा. चांदी त्या कागदाला टेकेल अशी ठेवा. हे टेकणं महत्त्वाचं आहे, त्याशिवाय काही होत नाही. लिटरभर पाण्याला दोन मोठे चमचे खायचा सोडा घ्या, पाणी उकळीला आणून त्यावर ओता. पाणी आणि सोडा यांच्यातून दोन धातूंमध्ये विजेचा बारीक प्रवाह सुरू होतो. गंधक चांदी सोडतं आणि चांदी बरीचशी जागच्या जागी परत धातुरूप होते. थोड्या मिनिटांत फरक दिसतो. सडक्या अंड्यासारखा वास येईल, तो सुटलेल्या गंधकाचा. खिडकी उघडी ठेवा, तोंड भांड्यावर नेऊ नका.

जुनं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं असेल तर कागदाचीही गरज नाही, त्यातच करा. पण पुढे त्या पातेल्यात स्वयंपाक करू नका.

सराफाची_लेक

गुरुजींनी सांगितलं ते बरोबरच आहे. पण कोणीही लगेच टाक उचलून उकळत्या पाण्यात टाकू नका! लातूरला माझ्या माहेरी सराफीचं दुकान आहे, अशा घाईने बिघडलेल्या वस्तू तिथे येतात.

टाक आधी उलटा करून पाहा. टाक म्हणजे पातळ पत्रा मागून ठोकून वर उठवलेला असतो. कित्येकांच्या मागे लाख किंवा राळ भरून वर दुसरा पत्रा मढवलेला असतो, काही तांब्याच्या पत्र्यावर चांदी चढवलेले असतात. लाख गरम पाण्यात मऊ पडते. एकदा ती आतून निसटली की पत्र्याला आधार उरत नाही आणि बोटाच्या दाबानेही तो चेपतो. चांदीचे मुखवटे, मूठ असलेल्या चवऱ्या, जुने पोकळ गोठ या सगळ्यांना हाच नियम.

बुडवून चालत नाही अशा आणखी वस्तू: मोती, पोवळं किंवा फिरोजा जडवलेलं काहीही, मिना केलेली जोडवी आणि मासोळ्या, खडे गोंदाने चिकटवलेले हल्लीचे पैंजण, आणि मुद्दाम काळपट ठेवलेली नक्षी. ती काळी छटा कारागिराने घातलेली असते, सोड्याच्या पाण्यात तीही निघून जाते आणि नक्षी फिकी, उघडी पडते.

अशा वस्तूंसाठी आमच्याकडे खडू वापरतात. शाळेतला साधा पांढरा खडू खलात कुटायचा, मलमलमधून वस्त्रगाळ करायचा. बोटांत चिमटीभर घेतला तर पिठासारखा लागला पाहिजे, खरखर लागली तर पुन्हा गाळा. कापसाचा बोळा पाण्यात बुडवून घट्ट पिळायचा, त्यावर ही पूड घ्यायची आणि अलगद गोल फिरवायचं. बोळा काळा झाला की बदलायचा. उंच भागावर कमी, खोलगट भागावर थोडं जास्त. खाचेतलं सगळं काळं काढायचा हट्ट धरू नका, त्या काळ्यामुळेच टाकावरचे नाक-डोळे उठून दिसतात.

रसायन_गुरुजी

ताईंनी फार मोलाचं लिहिलं. खडूबद्दल एक जोड. साधा खडू बहुधा जिप्समचा असतो, त्याचं काठिण्य २, म्हणजे चांदीपेक्षा मऊ. जगभरच्या संग्रहालयांतही जुन्या चांदीला अतिशय बारीक कॅल्शियम कार्बोनेटची पूड पाण्यात कालवून कापसाने लावतात. तेव्हा ही पद्धत घरगुती आहे म्हणून कमी समजू नये. तरीही घासणं ते घासणंच. गरज असेल तेव्हाच करावं.

बालाघाट

गुरुजी, ताई, लई चांगलं सांगायलेत तुम्ही. मी बीड जिल्ह्यातला. एक गोष्ट सांगतो, सगळ्यांनी ध्यानात ठेवा.

आमच्या गल्लीत दोन जण आले व्हते मोटरसायकलवर. पावडर विकायलो म्हणले. आधी फुकटात तांब्याचा तांब्या लखलखीत करून दाखवला, मग देवाचं निरांजन, मग म्हणले काकू पैंजण आणा. माझ्या माईनं आणले. त्यांनी बाटलीतलं पाणी वाटीत वतलं, पैंजण टाकले, फेस आला. चांदी पांढरीशुभ्र निघाली. माय खूश. नंतर मोडीला नेले तवा सोनाराच्या काट्यावर वजन किती कमी भरलं म्हणून सांगू! पावती व्हती म्हणून कळलं तरी. माय दोन दिस जेवली नाही नीट.

काहून असं झालं हो गुरुजी? पाण्यात चांदी विरघळती का?

रसायन_गुरुजी

भाऊ, तुमच्या मातोश्रींचं वाईट वाटलं. ते पाणी नव्हतं, शोऱ्याचं आम्ल असणार, म्हणजे नायट्रिक आम्ल. लोक तेजाब म्हणतात ते. चांदी त्यात विरघळते. वरचा थर आम्लात उतरतो, खाली नवी पांढरी चांदी उघडी पडते, म्हणून वस्तू उजळल्यासारखी दिसते. ती वाटी हे लोक घेऊन जातात आणि त्यातून चांदी परत काढतात. सोन्याच्या बाबतीत अम्लराज, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं मिश्रण, वापरून हाच प्रकार होतो.

घरात कोणालाही सांगून ठेवा, विशेषतः दुपारी एकट्या असणाऱ्या वडीलधाऱ्यांना. दारावर आलेल्याच्या हातात चांदी-सोनं द्यायचंच नाही. दुकानात द्यायचं झालं तरी आपल्या डोळ्यांसमोर वजन करून, ते पावतीवर लिहून घ्यायचं आणि परत घेताना पुन्हा काट्यावर ठेवायचं.

नवी_आई

नमस्कार, मी जालन्याची. पुढच्या महिन्यात बाळाचं उष्टावण आहे. माझ्या आजीने मला दिलेली चांदीची वाटी आणि चमचा काढलाय, आतून पार काळा झालाय. ॲल्युमिनियम आणि सोड्याने साफ केलं तर त्यात बाळाला खीर भरवता येईल का? की आत काही उतरेल? सासूबाई म्हणतात दुकानातून बुडवून आणू.

सराफाची_लेक

ताई, खायच्या भांड्याला बुडवायचं द्रावण नको. सासूबाईंना समजावून सांगा. त्यात बहुधा थायोयुरिया आणि आम्ल असतं. काठाच्या वळणात, चमच्याच्या जोडात ते राहू शकतं.

रसायन_गुरुजी

दुजोरा. युरोपात थायोयुरियाची नोंद कर्करोगाचा संशय असलेल्या रसायनांत आहे. बाळाच्या भांड्याजवळ ते कशाला?

खायचा सोडा आणि ॲल्युमिनियमचा कागद वापरायला हरकत नाही. नंतर वाटी-चमचा भांडी घासायच्या साध्या साबणाने हाताने धुवा, गरम पाण्याने चांगला विसळा, कोरडा करा. भरवून झाल्यावर खीर किंवा वरण त्यात तसंच ठेवू नका. पुढे बाळ अंडं खायला लागलं की ते चांदीच्या वाटीत देऊ नका, अंड्यातल्या गंधकाने वाटी बघता बघता काळी पडते. मिठाचे पदार्थही त्यात साठवायचे नाहीत.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी केलं, ताजं ताजं लिहिते.

टाक आधी उलटे करून पाहिले. तीन नुसत्या पत्र्याचे आहेत, दोघांच्या मागे लाख आहे, तो तपकिरी चकाकता काठ लगेच ओळखू आला. ते दोन बाजूला ठेवले. अत्तरदाणीला लाल खडे आहेत, तीही बाजूला.

बाकीच्यांना आधी रिठ्याचं पाणी दिलं. हे वगळू नका. निरांजनात तूप थिजून बसलं होतं, ते कोमट पाण्यात सुटलं, सुरीने खरवडावं लागलं नाही. तेल-तुपाचा थर राहिला तर सोड्याचं पाणी चांदीपर्यंत पोचतच नाही, हे तबकाच्या एका कोपऱ्यावर स्पष्ट दिसलं. तिथे बोटभर काळा डाग तसाच राहिला होता.

सोड्याचं पाणी ओतल्यावर पंचपात्राच्या काठाखालून लालसर धागे निघाले आणि सगळं पाणी विटकरी झालं. सासूबाई घाबरल्या, चांदीत खोट आहे की काय म्हणून. ती खाचेत अडकलेली हळद होती, सोड्याने लाल होते. साबणाने धुताना हळदीचा डाग लाल होतो तसंच. ते पाणी फेकून दुसरं केलं. दुसऱ्या पाण्यात कमरपट्ट्याच्या एकेका कडीवरचा निळा रंग आधी तपकिरी, मग पिवळा होत गेला, चढताना जसा चढला असेल त्याच्या बरोबर उलट. वास गुरुजी म्हणाले तसाच आला. कागद उचलला तर काळवंडलेला आणि बोटाला खरबरीत.

बाहेर काढल्यावर चांदी पांढरी पण मंद दिसते, खडूसारखी. तेव्हा निराश होऊ नका. सासऱ्यांच्या जुन्या धोतराच्या मऊ तुकड्याने कोरड्या हाताने पुसलं आणि चमक वर आली. जोर अजिबात लावला नाही.

लाखेच्या दोन टाकांना वस्त्रगाळ खडू. वेळ जास्त लागला, पण भवानीच्या हातातली आयुधं आता दिसतात. सासूबाईंनी स्वतः तो टाक हातात घेऊन खिडकीपाशी नेला.

एक प्रश्न राहतोच, पाण्याचे डाग.

योगेश्वरीची_माहेरवाशीण

वाचून समाधान वाटलं. यंदा माझ्याकडेही रांगोळी नाही वापरणार. भावाला फोन करून आईच्या भांड्यांचंही सांगितलं.

डागांबद्दल माझा अनुभव: पाऊस चांगला पडला की मी अंगणात घंगाळ ठेवते. ते पाणी गाळून बाटल्यांत भरून ठेवायचं. देवाची चांदी शेवटी त्यानेच विसळायची. एकही ठिपका पडत नाही.

रसायन_गुरुजी

उत्तम उपाय. आपल्याकडे काळ्या बेसाल्ट खडकातलं बोअरचं पाणी जड असतं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी वाळतं, क्षार मागे उरतात. तेच पांढरे ठिपके. शेवटचं विसळणं पावसाच्या किंवा शुद्धीकरण यंत्राच्या पाण्याने करा आणि हवेवर वाळू देऊ नका, लगेच सुती कापडाने टिपा. गुलाबदाणीसारखी पोकळ वस्तू उलटी धरून आतलं पाणी पूर्ण निथळू द्या.

सराफाची_लेक

आणि नळ सोडून धुवायची गरज नाही. एक टब सोड्याच्या पाण्याचा, एक साध्या पाण्याचा, शेवटी तांब्याभर चांगलं पाणी. २०१६ साली लातूरकरांनी मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यायलंय, आमच्याकडे आजही भांडी विसळलेलं पाणी तुळशीला जातं. सोड्याचं पाणी मात्र झाडांना घालू नका.

उदगीरकर

माझा प्रश्न थोडा वेगळा. आमच्या आजोबांच्या काळातली बिदरी कामाची सुरई आणि पानदान आहे. काळ्यावर चांदीची वेलबुट्टी. चांदी मळकट दिसतेय. ॲल्युमिनियमवाली पद्धत चालेल का?

रसायन_गुरुजी

नाही, नाही, मुळीच नाही! बिदरीचं काळं हेच तिचं रूप आहे. ती भांडी जस्तात थोडं तांबं मिसळून ओतलेली असतात. नक्षी कोरून तिच्यात चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर एकत्र करून त्याचा लेप गरम भांड्यावर देतात. त्याने जस्ताचा धातू काळाभोर होतो, चांदीला काही होत नाही. तुमच्या उदगीरहून बिदर जवळच आहे, तिथल्या एखाद्या कारागिराला दाखवता आलं तर सर्वांत बरं. या कामाला २००६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

सोड्याच्या गरम पाण्यात ते काळं फिकं पडून चट्टे येतील. चिंच, लिंबू, व्हिनेगर यांनी तर जस्तच खाल्लं जाईल. कोरड्या मऊ कापडाने पुसा. काळं उडालेलं वाटलं तर बोटाला लागेल इतकंच खोबरेल तेल चोळून लगेच टिपून घ्या. पानदानात पानाला लावायचा चुना सांडलेला नाही ना, तेही पाहा.

उदगीरकर

बरं झालं विचारलं. चुना आहे, झाकणाच्या बिजागरीत. ओल्या काडीने सोडवतो.

तांड्यावरची

मी बंजारा समाजातली, सध्या छत्रपती संभाजीनगरला नोकरी करते. आईच्या घुगऱ्या-टोपल्या (केसांत घालायचे चांदीचे दागिने) आणि हासळी (गळ्यातलं चांदीचं कडं) माझ्याकडे आल्यात. टोपल्यांना लोकरीचे गोंडे आणि दोरे गुंफलेत, ते आजीच्या हातचे आहेत, सोडवायचे नाहीत. चांदी लोकरीला लागते तिथेच सर्वांत काळी आहे. काय करू?

सराफाची_लेक

तुम्ही कारण बरोबर हेरलंत. लोकरीत गंधक असतं, ते चांदीला लागून राहिलं की तिथे काळं पडणारच. गोंडे सोडवू नका. गोंडा आणि चांदी यांच्यामध्ये धुतलेल्या मलमलची पट्टी सरकवून ठेवा. साफ करताना गोंड्यांवर पिशवी बांधा, आणि काडीला कापूस गुंडाळून वस्त्रगाळ खडूने फक्त धातूवरून फिरा. पाणी नावाला. हासळी भरीव असेल आणि तिला दोरे नसतील, तर ती खुशाल बुडवा.

आजीच्या हातचे गोंडे जपताय हे वाचून फार बरं वाटलं.

मोंढा

साठवण्याबद्दल कोणी फार लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण अर्धं काम तिथेच होतं. आमच्या घरी चांदी घोंगडीत गुंडाळून पेटीत ठेवायची पद्धत होती. वरचा प्रतिसाद वाचल्यावर ती का काळी पडायची हे समजलं.

आता असं करतो: धुऊन खळ काढलेलं सुती कापड, प्रत्येक वस्तू वेगळी गुंडाळलेली, वर हवाबंद पिशवी, पिशवीत खडूचा एक तुकडा ओल शोषायला. पावसाळ्यानंतर खडू बदलायचा. वर्तमानपत्र नाही, रबरबँड नाही. रबरबँडने बांधलेल्या चमच्यांवर बँडच्या जागी काळा पट्टा उमटतो आणि तो निघता निघत नाही. स्वयंपाकघरातल्या कांदा-लसणाच्या फडताळातही चांदी नको.

आणखी एक. वास्तुशांतीला, बारशाला जी जर्मन सिल्व्हरची तबकं येतात त्यांत चांदी नसते. तांबं, निकेल, जस्त यांचा तो मिश्रधातू. त्यावर सोडा-कागदाचा प्रयोग करून पद्धत खोटी आहे म्हणू नका. आणि चांदीचा मुलामा दिलेल्या वस्तूंना खडूही जपून, मुलामा गेला की गेला.

दौलताबादी

धागा वाचून राहवलं नाही. कृपया जुनी नाणी कुणी साफ करू नका. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे आपल्याकडच्या कितीतरी घरांत चारमिनार छापाचे हाली रुपये आहेत. सोबत राणीछाप आणि राजाछाप कलदार, म्हणजे ब्रिटिश रुपयेही. नाण्यावरचा जुना, एकसारखा काळसर थर हा संग्राहकांच्या दृष्टीने त्याच्या अस्सलपणाची खूण आहे. चकचकीत केलेल्या नाण्याला ते कमी किंमत देतात आणि ती गेलेली किंमत परत येत नाही.

गोदाकाठ

दादा, आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला अशीच नाणी पाटावर मांडतात. दूध-पाण्याने धुऊन हळद-कुंकू वाहतात. पूजा तर सोडता येणार नाही. मग काय करावं?

दौलताबादी

ताई, पूजा कशाला सोडायची? जे नाणं आधीच झिजलेलं, अक्षरं गेलेलं आहे ते पूजेचं म्हणून कायमचं वेगळं काढा. दूध, हळद, कुंकू सगळं त्यालाच. १९४० ते १९४५ च्या ब्रिटिश रुपयांत चांदी निम्मीच आहे आणि ते मुबलक मिळतात, त्यांतलं एखादं चालेल. त्याआधीचा कलदार ११.६६ ग्रॅमचा, हजारात ९१७ भाग चांदीचा, तो जपा. बाकीची नाणी पॉलिथिनच्या छोट्या पाकिटात घालून पाटावर मांडा, कुंकू पाकिटावर लागेल. मऊ, वास येणारं पीव्हीसीचं पाकीट घेऊ नका, त्यात नाण्यावर हिरवट चिकट थर धरतो. नाणं उचलताना कडेला धरा, दोन्ही बाजूंना बोट लावू नका. आणि हाली रुपयावर फारसीत साल असतं, ते हिजरीत आहे. घरात कोणी उर्दू वाचणारं असेल तर साल वाचून घेऊन पाकिटावर पेन्सिलीने चिठ्ठी लावा.